‘व्हिजन’ला मराठीत काय लिहायचं? दूरदृष्टी, ध्येय, उद्दिष्ट का अजून काही?

पूर्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात पांदण रस्त्याचं (वावरात जायच्या वाटेचं) काम निघालंय, त्याचा प्रस्ताव लिहायचं माझ्याकडे आलंय. नमुन्यात वरतीच एक रकाना आहे ‘प्रकल्पाचे व्हिजन’, मग ‘उद्दिष्टे’, मग ‘व्याप्ती’. एक जण म्हणते व्हिजन म्हणजे दूरदृष्टी, दुसरा म्हणते दृष्टिकोन, मास्तर म्हणतात ध्येय लिहा अन मोकळे व्हा. सध्या तिथं ‘गावाचा सर्वांगीण विकास साधणे’ असं लिहून ठेवलंय पण ते वाचून डोयासमोर काहीच उभं होऊन नाही राह्यलं. नेमका शब्द कोणता, अन त्या रकान्यात लिहायचं काय?

शब्दवेडी:
चांगला प्रश्न आहे भाऊ, हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. दूरदृष्टी हा माणसाचा गुण आहे, ‘त्यांच्याकडे दूरदृष्टी होती’ असं म्हणतो, पण ‘रस्त्याची दूरदृष्टी’ कोणी म्हणत नाही. दृष्टिकोन म्हणजे कुठून बघतो ते, ‘शेतीकडे बघायचा दृष्टिकोन’ वगैरे. ध्येय हा ध्यै धातूवरून आलेला, मनात सतत धरून ठेवायचं ते, त्यामुळे ध्येय माणसाला किंवा संस्थेला शोभतं, ते जन्मभर पुरतं. प्रकल्पाला तर सुरुवात असते अन शेवटही असतो. उद्दिष्ट म्हणजे बोट दाखवून सांगितलेलं, त्याला आकडा अन तारीख लागते, म्हणून ‘पीककर्ज वाटपाचं उद्दिष्ट’, ‘लसीकरणाचं उद्दिष्ट’. आपल्याकडे नजर हाही शब्द आहे पण तो नजर अंदाज पैसेवारीनं (नुसतं पाहून पिकाचा अंदाज बांधतात ती) बदनाम झालेला, तो नको.

माझं मत विचाराल तर व्हिजनला सगळ्यात जवळचा शब्द ‘चित्र’. काम झाल्यावर काय दिसणार आहे त्याचं चित्र.

साइटवरचा:
ताईंशी सहमत. मी रस्ते-मोऱ्यांच्या कामावर असतो त्यामुळे शब्दापेक्षा त्याचं काम काय ते सांगतो, थोडं लांबेल.

पांदण रस्ता एकच असतो पण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. इस्टिमेट करणाऱ्याच्या डोक्यात लांबी, रुंदी, मुरमाचा थर, खडी, दबाई. ठेकेदाराच्या डोक्यात मोजमाप पुस्तिकेत नोंद कधी होते अन बिल कधी निघते. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कास्तकाराच्या डोक्यात आपली किती जागा जाते. अन ज्याचं वावर सगळ्यात शेवटी आहे त्याच्या डोक्यात फक्त एवढंच की झड लागली की बंडी (बैलगाडी) फसू नये. कोणी कोणाला विचारतच नाही की बाबा तुला काय दिसते, कारण सगळ्यांना वाटते ‘रस्ता’ म्हटलं की झालं.

एका गावचं काम जवळून पाहिलं ते सांगतो (गावाचं नाव नाही घेत). लांबी पूर्ण, रुंदी पूर्ण, मुरूम पडला, दबाई झाली, कागदावर शंभर टक्के. मधात एक नाल्याची खोलगट जागा, तिथं पाणी खालून जायला पाइप टाकून मोरी पाह्यजे होती पण ती इस्टिमेटात नव्हतीच, कारण कागदात नुसती लांबी मागितली होती. काळी माती कशी असते तुम्हाला माहीत आहे, पाणी पिली की फुगते अन वरचा मुरूम खाली गिळून टाकते. पहिल्या मोठ्या पाण्यात नेमका तेवढाच तुकडा गेला. बाकी सगळा रस्ता शाबूत, पण त्या तुकड्यापायी पलीकडच्या सगळ्या वावरांना तो असून नसल्यासारखा. उद्दिष्ट पूर्ण अन काम अपूर्ण, हे असं होते.

आता त्याच कागदावर सगळ्यात वर जर लिहिलं असतं की ‘भरपावसात भरलेली बंडी शेवटच्या वावरापर्यंत जाते’ तर कोणीही शेवटच्या वावरापासून मागं चालत आला असता अन नाल्यावर येऊन थांबला असता, की इथून बंडी कशी जाईल? मोरी सगळ्यात पहिले इस्टिमेटात आली असती. चित्र शेवटचं असते पण ते पहिले लिहायचं, मग कामाची फोड त्याच्यावरून करायची. प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये हेच चार्टर नावाच्या कागदात लिहितात, काम कशासाठी अन संपलं हे कशावरून ओळखायचं. मराठीत त्याला सनद म्हणता येईल, नागरिकांची सनद म्हणतो तशी.

पूर्णाकाठ:
भाऊ हे एकदम पटलं. आमच्याकडे अजून एक भानगड सुरू आहे, काम मंजूर व्हायच्या आधीच एक जण म्हणून राह्यला की देवळाकडं फाटा काढा, दुसऱ्याला स्मशानभूमीपर्यंत पाह्यजे, तिसरा म्हणते दोन्ही बाजूनं झाडं अन दिवे. कोणाचंच म्हणणं चूक नाही, पण नाही कसं म्हणायचं? गावात राहायचं आहे.

साइटवरचा:
त्याला आमच्याकडे ‘स्कोप क्रीप’ म्हणतात, मराठीत व्याप्ती फुगणे म्हणा. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत होते. यावर उपाय तोच कागद आहे. मागणी आली की ग्रामसभेत वरचं वाक्य मोठ्यानं वाचायचं अन विचारायचं, या मागणीनं शेवटच्या वावरातली बंडी बाहेर यायला मदत होते का? होत असेल तर घ्या, नसेल तर वेगळा प्रस्ताव करू म्हणून ठरावात नोंद घ्या. मग नाही म्हणणारा माणूस तुम्ही राहत नाही.

झाडीपट्टीकर:
आमच्या भागात गोसीखुर्द धरणाचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. वैनगंगेवर, पवनीजवळ, भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला, तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी आले होते. मूळ किंमत ३७२ कोटींच्या घरात, सिंचनाचं उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर. म्हणजे उद्दिष्टाचा आकडा पहिल्या दिवसापासून होता. तरी किंमत कितीतरी पटीनं वाढली, कालव्यांची कामं वर्षानुवर्षं चालत राहिली, पुनर्वसनाचे प्रश्न रेंगाळले. कारणं पुष्कळ आहेत, जमीन, वनखातं, पैसा, सगळं एका शब्दावर टाकणं बरोबर होणार नाही. पण मला नेहमी वाटतं, धानाच्या बांधीत पाणी पडलं अन उठून गेलेल्या गावाला नवीन जागी घर, शाळा, वावर मिळालं, हे दोन्ही एकाच चित्रात असते तर हेक्टरचा आकडा एकटा पुढं पळाला नसता.

मोहफूल:
शब्दच पाहायचा तर गडचिरोलीचं मेंढा-लेखा गाव पाहा ना, त्यांची घोषणा आहे, ‘दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. यात विकास नाही, सर्वांगीण नाही, सक्षमीकरण नाही, अन तरी गावातल्या कोणालाही विचारा, तो अर्थ सांगेल. वनहक्क कायद्याखाली २००९ ला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, मग २०११ ला बांबूच्या वाहतूक पासाचा अधिकार ग्रामसभेकडे आला. एकेका कामात काय मागायचं हे त्या एका वाक्यावरून ठरत गेलं.

अजून एक बारीक गोष्ट, त्या वाक्यात ‘साधणे’, ‘करणे’, ‘वाढविणे’ असं काहीच नाही. ‘-णे’नं संपणारं वाक्य हे करायचं काम असतं, ते उद्दिष्टात जाऊ द्या. चित्र वर्तमानकाळात लिहा, बंडी जाते, पोरगी शाळेत पोचते.

शब्दवेडी:
वा ताई, ही ‘-णे’ची खूण फार कामाची आहे. फक्त ‘संकल्पचित्र’ लिहू नका भाऊ, तो शब्द इमारतीच्या रंगीत नकाशासाठी रुळलाय, लोकं फोटो मागतील. ‘अपेक्षित चित्र’ चालेल.

पूर्णाकाठ:
मग आता असं लिहिलं, पाहा बरं जमलं का.
अपेक्षित चित्र: ‘ऐन जुलैच्या झडीत खताची पोती भरलेली बंडी गावातून शेवटच्या वावरापर्यंत जाते, अन वस्तीवरची पोरं चपला हातात न घेता शाळेत पोचतात.’
उद्दिष्टात लांबी, रुंदी, थर, अन नाल्यावरची मोरी सगळ्यात वर. व्याप्तीत एक ओळ जास्तीची टाकली, ‘देऊळ व स्मशानभूमीचे फाटे या प्रस्तावात नाहीत’.
छापील नमुन्यातला व्हिजन शब्द खोडायचा का ठेवायचा?

साइटवरचा:
ठेवा, छाननी करणारा तोच शब्द शोधतो. त्याच्याखाली तुमचं मराठी लिहा. अन व्याप्तीतली ती ‘नाहीत’वाली ओळ कोणी काढ म्हटलं तरी काढू नका.

शब्दवेडी:
वाक्य झकास. कुठं दृष्टिकोन लिहाल तर ‘ष्टि’ ह्रस्व अन शेवटी ‘कोन’, ‘दृष्टीकोण’ नको. एकटा दृष्टी शब्द मात्र दीर्घ.