मदत हवी आहे : ८०० मीटरचा सराव वाढवला, पण वेळ सुधारण्याऐवजी बिघडली

नमस्कार. मी हौशी धावपटू असून गेली तीन वर्षे ८०० मीटर धावतो. पुढच्या स्पर्धेला १४ आठवडे उरले आहेत आणि सरावाची आखणी कुठे चुकली, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मागील पाच आठवड्यांत मी आठवड्याचे एकूण अंतर ३० किलोमीटरवरून ४८ वर नेले, त्याच काळात वेगाचा सराव (४०० मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये दीड मिनिट विश्रांती) एका दिवसाऐवजी तीन दिवस सुरू केला आणि शिवाय आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायामही जोडले. पहिले दोन आठवडे हुरूप होता. आता मात्र वेळ २ मिनिटे १२ सेकंदांवरून २ मिनिटे १६ सेकंदांवर गेली आहे, सकाळी उठताच मोजलेली नाडी नेहमीच्या ५४ ऐवजी ६२ भरते, झोप तुटक लागते आणि धावताना एका नडगीच्या आतल्या बाजूला दुखते.

भार हळूहळू वाढवावा, हे तत्त्व मला ठाऊक नव्हते असे नाही. रोज वासरू उचलता उचलता पुढे बैल पेलणाऱ्या ग्रीक मल्ल मायलोची आख्यायिका मी इतरांना सांगत असतो. ते वासरू एका दिवसात थोडेच वाढत होते, एवढेच मी सोयीस्करपणे विसरलो. आता आधी अंतर कमी करावे की वेगाचे दिवस? इतक्या छोट्या शर्यतीसाठी लांब, संथ धावणे मुळात लागते का? वजनाचे व्यायाम धावण्याच्याच दिवशी करावेत की वेगळ्या दिवशी?

प्रतिसाद १ :
सर्वप्रथम नडगीचे पाहा. दुखणे लांबवर पसरलेले आहे, की बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी आहे? एकाच जागी असेल, चालताना किंवा रात्रीही जाणवत असेल, तर हाडावर ताण आल्याची शक्यता असते. अशा वेळी धावणे थांबवून तपासणी करून घ्यावी. स्नायू आणि दम तुलनेने लवकर सुधारतात, हाडे आणि स्नायुबंध मात्र मागून येतात, म्हणूनच अंगात जोर वाटत असतानाच अशी दुखणी उद्भवतात.

आपण तीन गोष्टी एकाच वेळी वाढवल्या, त्यामुळे दोष नेमका कोणाचा हे आता कोणालाच सांगता येणार नाही. सराव शरीराला फक्त थकवतो, सुधारणा त्यानंतरच्या विश्रांतीत होते, आणि आपण ती जागाच ठेवलेली नाही. नडगीने परवानगी दिली तर दोन आठवडे केवळ सहज बोलता येईल अशा गतीने आणि पूर्वीपेक्षा कमी धावा. नंतर वेगाचा एकच दिवस परत आणा, दुसरा दिवस नाडी व झोप पूर्ववत झाल्यावरच. संथ धावणे मात्र सोडू नका, कारण ८०० मीटरमध्येही निम्म्याहून अधिक ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्यानेच मिळते. वजने वेगाच्याच दिवशी, धावण्यानंतर काही तासांनी घ्यावीत, म्हणजे हलके दिवस खरोखर हलके राहतात. दररोज सरावाची मिनिटे आणि दहापैकी जाणवलेला कष्ट यांचा गुणाकार वहीत लिहा. आठवड्याची बेरीज एकदम उसळली की ती लगेच दिसते.

शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण धावणे साधारण निम्म्यावर आणावे, पण वेग कायम ठेवावा. बहुतेक जण नेमके उलट करतात.

धागाकर्ता :
मनःपूर्वक आभार. दुखणे नाण्याएवढ्या जागेतच आहे आणि काल जिना उतरतानाही जाणवले, त्यामुळे धावणे आजपासून बंद केले असून उद्या तपासणीस जात आहे. तोवर सायकल किंवा पोहणे चालेल का, हे तेथेच विचारून इथे कळवतो.