अनुभव धागा : वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर घरी येताय? घराची तयारी कशी केलीत, नाशिककरांनो?

माझ्या धाकट्या बहिणीचं स्लीव्हचं (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करतात ते) ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. सर्जन ठरले, तपासण्या झाल्या, मेडिक्लेमवाल्यांशी वादावादीही उरकली. दवाखान्यात दोन-तीन दिवस राहायचं, पुढचं सगळं घरात. इंटरनेटवर याद्या ढिगाने आहेत, पण त्यांत रिक्लायनर असतो आणि बाथटबची पायरी असते. इंदिरानगरचा टू बीएचके, सासू-सासरे, चार वर्षांचा मुलगा आणि ठरल्या वेळेलाच येणारं पाणी, यांचं काय करायचं ते कुणी लिहीत नाही. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहा. ऑपरेशन करावं की नाही हा वाद इथे नको, त्यासाठी नातेवाईक आहेत.

सिडकोतली रो-हाऊसवाली :
आमची बेडरूम वर आणि जिना सिडकोतल्या जिन्यांसारखाच, अरुंद आणि उभा. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चढायला हरकत नाही. पण पाण्याला खाली, औषधाला वर, कुणी आलं की परत खाली, हे कोण करणार? पलंग हॉलमध्ये आणला. दिवाण होता, पण तो फार बुटका. पोटावर चार-पाच छोटी भोकंच असतात, बाहेरून काही वाटत नाही. बुटक्या दिवाणावरून उठताना मात्र कळतं. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपरावर भार देऊन उठायचं. हे आधीच स्वतःच्या पलंगावर करून बघा. मी केलं तेव्हा लक्षात आलं की मी ज्या कुशीवर वळते तिकडे भिंत आहे.

खालचा संडास देशी. त्यावर ठेवायची कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानातून भाड्याने आणली. किती वजन पेलते ते विचारूनच घ्या, तिथे लाजून चालत नाही. हॉलमध्ये आडोशाला जुन्या साडीचा पडदा लावला.

आणि उचलाउचल. चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, महिना-दीड महिना. ऐकायला सोपं आहे. भरलेली बादली, पाण्याने भरलेला मोठा कुकर, ओल्या कपड्यांचं टोपलं, पिठाचा डबा, सगळं त्याच्या वरचं. नवऱ्याने पाणी भरायचं कबूल केलं होतं, पण पाणी येतं तेव्हा तो कंपनीच्या बसमध्ये असतो हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. शेवटी शेजारच्या वहिनींशी बोलून ठेवलं.

पाथर्डी फाटा :
ऑपरेशन बायकोचं, स्वयंपाक माझा. त्यामुळे माझं लिखाण स्वयंपाकघरापुरतंच.

हातात मिळालेल्या डाएट चार्टमध्ये ब्रोकोली सूप आणि ॲव्होकाडो होतं. डाएटिशियन मॅडमना फोन करून आपल्या घरातलं काय चालेल ते लिहून घेतलं. ते ऑपरेशनच्या आधीच करा, नंतर डोकं ठिकाणावर नसतं. क्रम ढोबळमानाने असा : सुरुवातीला एक-दोन दिवस नुसतं निवळ, नंतर साधारण दोन आठवडे पातळ, मग वाटलेलं, मग मऊ. नेहमीच्या जेवणापर्यंत यायला दोनेक महिने. प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. आपल्याला दिलेलं पाळा, शेजारणीचं नको.

माझ्या आईची सगळी भिस्त वरणाच्या पाण्यावर. तिला समजावणं हे सगळ्यात मोठं काम. गाळलेल्या पाण्यात प्रोटीन नावालाच, डाळ तर गाळणीत राहते. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन जायला हवं असतं आणि स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकलेला असतो. म्हणजे जे जाईल ते दमदार हवं. साय काढलेलं दूध, सोया दूध, व्हे (दुधातल्या प्रोटीनची) पावडर. पावडर उकळत्या सुपात टाकली की गोळे होतात; आधी थंड पाण्यात कालवायची आणि सूप कोमट झाल्यावर घालायची. मोठा डबा आधी आणू नका. ऑपरेशननंतर चव बदलते, आमचा चॉकलेट फ्लेवरचा डबा आता माझा पुतण्या संपवतोय. छोटी पाकिटं मिळतात ती घ्या. वाटलेलं चालू झाल्यावर चक्का कामाला आला. दही रात्रभर पंच्यात टांगायचं, साखर न घालता दुधात फेटायचं. आईला ते पटलं, कारण ते तिच्या ओळखीचं होतं.

भांड्यांत दोनच गोष्टी खरंच लागल्या. 30 मिलीचा मापाचा पेला आणि मिक्सरचं नवं छोटं भांडं. मोठ्या भांड्यात दोन चमचे डाळ-भोपळा टाकला की सगळं भिंतींना जाऊन चिकटतं आणि पातं नुसतं फिरत राहतं. जुनं चटणीचं भांडं वापरायला गेलो, तर दुधीला लसणाचा वास. तिने वाटी परत पाठवली.

आणि फोडणी! मिरचीची फोडणी बसली की अख्ख्या घराला ठसका लागतो. टाके असताना ठसका म्हणजे काय ते तिला विचारा. खोकला-शिंक येईल तेव्हा पोटाशी धरायला एक घट्ट उशी कायम हाताशी ठेवली आणि आमची फोडणी इंडक्शनसकट मागच्या बाल्कनीत गेली.

नाशिकरोडच्या काकू :
माझं गॅस्ट्रिक बायपास (हृदयाचं नव्हे; जठर लहान करून अन्नाची वाट थेट पुढच्या आतड्याला जोडतात ते), पंधरा-सोळा वर्षांची डायबेटिस. आमच्या घरची तयारी म्हणजे औषधांचं कपाट. साखर इतक्या भराभर उतरते की आधीचे डोस तसेच चालू ठेवले तर ती फार खाली जाऊ शकते. म्हणून ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि डॉक्टरांनी नवीन लिहून दिलेला कागद एका जागी ठेवला आणि जुन्या गोळ्या मुलाने उचलून दुसरीकडे ठेवल्या. कपाटातल्या ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्याही काढल्या. बायपासवाल्यांना त्यांनी अल्सर होऊ शकतो. गुडघा दुखला की मोरीवर जाताजाता एक घ्यायची सवय होती ना!

बी-12, लोह, कॅल्शियम, डी हे आता जन्माचे सोबती. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, किमान दोन तासांचं अंतर. दोन वेगळ्या रंगांचे डबे केले तर गोंधळ होत नाही. सुरुवातीला मोठ्या गोळ्या गिळवत नाहीत, कुठली कुटून चालते ते विचारून ठेवा; सगळ्या चालत नाहीत.

एक किस्सा. बघायला आलेल्या जाऊबाईंनी प्रसाद म्हणून पेढा तोंडात घातला, नाही कसं म्हणणार? थोड्याच वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, आणि मग संडासाची वाट. साखर पटकन आतड्यात उतरली की असं होतं, डम्पिंग म्हणतात. तेव्हापासून प्रसाद कपाळाला लावून मुलाच्या हातात.

घाटावरून आलेला :
माझं ऑपरेशन मुंबईत झालं. ज्यांचं तिकडे होणार आहे त्यांच्यासाठी एवढंच : सरळ कसारा घाट चढून एका दमात नाशिक गाठू नका. पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तासा-तासाने उतरून चालायचं. सीट बेल्ट आणि पोट यांच्यात उशी. रक्त पातळ करायची इंजेक्शनं घरी घ्यायला सांगितली होती, ती पोटाच्या कातडीत कोण टोचणार हे आधी ठरवा. बायको म्हणाली होती मी टोचेन. पहिल्या दिवशी गल्लीतल्या नर्सताईंना बोलवावं लागलं.

एकटा, सातपूर :
काकू, तुम्हाला मुलगा तरी आहे. मी भाड्याच्या खोलीत एकटा, मेसचा डबा, शिफ्टची नोकरी. तयारी आधीच्या सुट्टीत केली. मुगाची डाळ, दुधी, गाजर शिजवून वाटलं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. एक-दोन खडे काढले की एका वेळचं जेवण. पाणी दीड-दोन लिटर घोटाघोटाने जायला हवं, जेवणाच्या आगेमागे अर्धा तास नाही, स्ट्रॉ नाही, सोडा नाही. तहान लागल्याशिवाय मी कधी पाणी प्यायचो नाही, म्हणून मोबाईलवर गजर.

फ्रिजवर कागद चिकटवला : ताप, वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात दुखणं, धाप, पोटरी सुजणं, बसल्या जागी नाडी 120 च्या वर, सतत उलटी. यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही, सर्जनला फोन. जठराच्या टाक्यांच्या रेषेतून आत गळती झाली तर ती अशीच कळते. घरमालकांच्या आईला तो कागद वाचून दाखवला आणि खोलीची किल्ली दिली. त्या रोज संध्याकाळी दारातून विचारायच्या, ‘नाडी किती रे?’

गंगापूर रोड :
सामानाचं खूप झालं, माणसांचं बोला. मी बाहेर सगळ्यांना ‘पित्ताशयाचं ऑपरेशन’ सांगितलं, कारण ‘खाणं कमी केलं असतं तर’ ऐकायचं नव्हतं. फायदा झाला तसा तोटाही. पित्ताशयवाली म्हटल्यावर लोक आठवड्यात पुरणपोळी घेऊन हजर. घरात मात्र खरं आणि पूर्ण सांगा, सासूबाईंनाही. माझ्या सासूबाई उरलेली पाव वाटी बघून ‘एवढंसं टाकू नये गं’ म्हणायच्या, आणि दोन घास जास्त गेले की मला उलटी. नवऱ्याने डाएटिशियनकडे त्यांनाच सोबत नेलं. आता सासूबाईच पाहुण्यांना अडवतात, माझ्याहून कडक.

रविवारची मिसळ बंद करायची का, यावर आमच्याकडे बैठक झाली. मीच नको म्हटलं. सासरे सत्तरीचे, त्यांनी का सोडावी? ते मिसळीला गेले की मी गोदापार्कवर फिरायला. चालणं तसंही पहिल्या दिवसापासून सांगितलेलं असतं. त्यांनी येताना शेव-फरसाण घरी आणायचं नाही, एवढीच अट.

धागाकर्ती :
किती कामाचं लिहिलंत! पलंगाची भिंत आणि मिक्सरचं भांडं आजच बघते. एक राहिलं. भाचा चार वर्षांचा, वजन सोळा किलो, आणि आई दिसली की धावत येऊन अंगावर झेप घेतो. त्याचं काय केलंत?

सिडकोतली रो-हाऊसवाली :
माझी मुलगी तेव्हा पाचची होती. ‘आईच्या पोटाला बाऊ’ सांगून अर्धा दिवसही टिकलं नाही. मग पलंगाजवळ लाकडी पाट ठेवला. तिने आधी पाटावर चढायचं, मी पोटावर उशी घेतली की मग शेजारी येऊन बसायचं. उशी आणून द्यायचं काम तिचंच होतं, त्यामुळे नियमही तीच सगळ्यांना सांगत फिरायची. बाहेरून आल्यावरची झेप अडवायला मात्र पहिले काही दिवस दाराशी कुणीतरी मोठं माणूस लागतं.