ईस्टर आयलंडला जाऊन आलेल्यांनो, लिहा की!

चिलीच्या सांतियागोहून विमान पाच-साडेपाच तास नुसतं पाण्यावरून उडतं, तेव्हा कुठे रापा नुई, म्हणजे ईस्टर आयलंड येतं. तिथे पोचलेली मराठी माणसं मूठभरच असणार, म्हणून हा धागा. फोटो नंतर टाका, आधी तिथे गेल्यावर कुठला समज मोडला ते सांगा.

माझा सांगते. शाळेपासून डोक्यात एकच गोष्ट पक्की होती: बेटावरच्या लोकांनी पुतळ्यांपायी झाडं तोडली, मग आपसांत भांडून संपले. रानो राराकूच्या, म्हणजे पुतळ्यांच्या दगडखाणीच्या उतारावर, गळ्यापर्यंत मातीत गेलेल्या मोआईंसमोर (हे तिथले दगडी पुतळे) उभं राहून मी हे ज्ञान आमच्या गाईडलाच पाजळलं. ती तिथलीच. हसली आणि म्हणाली, "झाडं गेली हे खरं, उंदरांनी ताडाच्या बियाही खाल्ल्या. पण माणसं गेली ती जहाजं आल्यावर." 1862-63 मध्ये पेरूहून आलेल्यांनी सुमारे दीड हजार जणांना गुलाम म्हणून पकडून नेलं. बोभाटा झाल्यावर थोडे परत पाठवले, त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. 1877 मध्ये बेटावर उरले 111. बेटाची रोंगोरोंगो लिपी वाचणारेही त्यातच गेले, ती आजवर कुणाला लागलेली नाही. 2024 मध्ये जुन्या हाडांच्या डीएनएवरचा अभ्यास आला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण त्यातही नाही. मला मात्र त्या उतारावरच कानकोंडं झालं होतं.

सांतियागोहून
नोकरीमुळे इथे आहे, दोनदा जाऊन आलो. तोंगारीकीचा सूर्योदय चुकवू नका. पंधरा मोआई, समुद्राकडे पाठ करून उभे. 1960 च्या भूकंपानंतरच्या लाटेने हे सगळे बेटाच्या आत फेकले होते. नव्वदच्या दशकात जपानी क्रेनने पुन्हा उभे केले. रस्त्यात मोकाट घोडे आणि दगडी कुंपणं दिसतील. कुंपणं मेंढ्यांच्या कंपनीची. चिलीने 1888 मध्ये बेट घेतलं आणि पुढे कंपनीला भाड्याने दिलं. मेंढ्या बेटभर, माणसं हांगा रोआ गावात कोंडलेली! चिलीचं पूर्ण नागरिकत्व त्यांना 1966 मध्ये मिळालं. ऑफिसात हा विषय काढला की लोक चहा आणायला उठतात.

लंडनहून
बेटावर गेले नाही, तरी लिहिते. ब्रिटिश म्युझियममध्ये होआ हाकानानाइआ नावाचा मोआई आहे, 1868 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने बेटावरच्या ओरोंगो या जुन्या गावाहून उचललेला. नावाचा अर्थ 'चोरलेला' किंवा 'लपवलेला मित्र' असा सांगतात. जवळपास सगळे समोरून सेल्फी काढून पुढे सरकतात. तुम्ही मागे जा. पाठीवर पक्षीमानव कोरलेत, चोचीला चोच भिडवून. 2018 मध्ये बेटावरची मंडळी त्याला परत मागायला आली होती. तो अजून इथेच आहे.

डोंबिवलीहून
आईबाबांना घेऊन गेलो होतो. बाबांना पुतळ्यांत फार रस नव्हता, ते रमले मानावाईत. मानावाई म्हणजे खारट वाऱ्यापासून पिकं वाचवायला रचलेली गोल दगडी भिंत, आत केळी आणि अळू. बाबांनी पान उलटून देठ पाहिला, "फदफद्याचं दिसतंय." आईला कौतुक रताळ्याचं. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण युरोपीय यायच्या आधीपासून पॉलिनेशियात, म्हणजे प्रशांत महासागरातल्या या बेटांवर पिकतंय. रापा नुईत त्याला कुमारा म्हणतात हे कळल्यावर तिने संकष्टीला तेच उकडलं.

पुण्याहून
कामाचं तेवढं सांगतो. बहुतेक ठिकाणी स्थानिक गाईडशिवाय सोडत नाहीत. ओरोंगो आणि रानो राराकूला एका तिकिटावर एकदाच आत जाता येतं, तेव्हा पाऊस असेल तर तो दिवस टाळा. आणि आहूवर, म्हणजे मोआईंच्या चौथऱ्यावर, पाय ठेवू नका. खाली त्यांचे पूर्वज पुरलेले आहेत. आमच्या ग्रुपमधला एकजण चढला, तर लांबून एक आजीबाई ओरडत धावत आल्या. भाषा कळली नाही, पण सगळं कळलं.