अ‍ॅसिट्रॉम चालू आहे, पण दर वेळी आयएनआरसाठी जळगाव? चोपडा-यावलकडच्यांनी मार्ग सुचवा

नमस्कार मंडळी,

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मोठ्या काकूंचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला, डॉप्लर सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गाठ (डीव्हीटी) निघाली. जळगावला अ‍ॅडमिट असताना पोटात इंजेक्शनं दिली, आता घरी अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) सुरू आहे. सूज उतरलीय, काकू पुन्हा कळण्याच्या भाकरी थापायला लागल्यात. गोळी मिळते, परवडते. अडतंय ते आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या रक्ततपासणीवर.

तो २ ते ३ च्या मध्ये पाहिजे. कमी झाला तर परत गाठीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. आधी १.४ आला म्हणून डोस वाढवला, आता ३.८. मधल्या काळात शेतातली मेथी निघून संपली. मेथी रोज खाल्ली की आयएनआर उतरतो, बंद केली की चढतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात गोळी अर्धी करायची. काकू ती नखाने मोडतात. एक तुकडा पाऊण, दुसरा पाव, आणि चुरा ताटात.

रक्त चोपड्यात देता येतं, संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पण डोस ठरवणारे डॉक्टर जळगावला, आणि फोन केला की तिथून एकच उत्तर, 'पेशंट घेऊन या.' एका आकड्यापायी काकूंची मजुरी बुडते, माझीही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. पण पाय लोंबकळत ठेवून एवढा प्रवास त्याच पायाला सोसत नाही.

जाणकारांना विचारायचंय:

रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन या रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही म्हणतात. काकूंचं क्रिएटिनिन जरा वर असल्याने तेव्हा टाळल्या. किडनीचा रिपोर्ट सुधारला तर पुन्हा विचारण्यात अर्थ आहे का? जनऔषधीत मिळतात का, महिन्याला किती पडतात?

शुगरसारखं बोट टोचून आयएनआर सांगणारं मशीन तुमच्याकडच्या पीएचसीत किंवा ग्रामीण रुग्णालयात कुणी पाहिलंय का? शेजारच्या गावात एकांची हृदयाची झडप बदललेली आहे, धातूची. त्यांना नव्या गोळ्या चालतच नाहीत, जन्मभर हेच. मशीन आलं तर त्यांचीही सोय होईल, आणि पट्ट्यांचा खर्च वाटून घ्यायला आम्ही तयार आहोत.

उपकेंद्रातल्या सीएचओ (आरोग्य अधिकारी) मॅडम ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन सल्ला सेवा) डॉक्टरांशी बोलणं करून देतात. त्यावरून अ‍ॅसिट्रॉमचा डोस कुणी कमी-जास्त करून घेतलाय का? जळगावच्या डॉक्टरांकडून आधीच 'आयएनआर इतका आला तर इतकी गोळी' असं लिहून घेतलं तर चालतं का?

डोस इथे सांगू नका, आणि लसणाचे उपायही नकोत. गुडघे दुखतात म्हणून गावातले एक डॉक्टर कमरेत डायक्लोफेनॅक टोचायला निघाले होते, अ‍ॅसिट्रॉमची चिठ्ठी दाखवली तेव्हा थांबले. तेवढं पुरे झालं.

पुढचं रक्त सोमवारी द्यायचंय. त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.