सहा ठिपक्यांचा बर्नेट पतंग

युरोपातील गवताळ माळावर भर दुपारी उडणारा, काळसर पंखांवर सहा लाल ठिपके असलेला पतंग म्हणजे सिनाबारच (लाल-काळ्या रंगाचा दुसरा एक पतंग), असे कुणी म्हणते. त्याला थोडी पुरवणी जोडतो. सिनाबारच्या पुढच्या पंखावर कडेने जाणारी लाल रेघ आणि बाहेरच्या कडेजवळ दोन ठिपके असतात, तर या वर्णनात सहा सुटे ठिपके आहेत. त्यामुळे तो सहा ठिपक्यांचा बर्नेट, शास्त्रीय नावाने झायगेना फिलिपेंड्युली, असावा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये त्याचे वर्णन केले.

पंखविस्तार साधारण ३० ते ४० मिलिमीटर, पुढचे पंख निळसर-हिरवट धातूसारखी झाक असलेले काळे, मागचे लाल आणि काळ्या किनारीचे, शिवाय शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) टोकाकडे जाड. मात्र केवळ ठिपके मोजून निर्णय देऊ नये, कारण टोकाकडचे दोन ठिपके कधी एकमेकांत मिसळतात आणि पतंग पाच ठिपक्यांच्या भाईबंदांसारखा दिसू लागतो. क्वचित लालऐवजी पिवळे ठिपकेही आढळतात.

हा लाल रंग म्हणजे भक्षकांना दिलेली पोकळ धमकी नव्हे. लोटस कॉर्निक्युलेटस या शेंगवर्गीय रोपावर वाढणारी अळी त्यातील सायनाइडजनक (सायनाइड हे विष सोडणारी) द्रव्ये साठवते आणि, मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, तीच द्रव्ये स्वतःच्या शरीरातही तयार करते. कोष कागदासारखा असून गवताच्या काडीवर उंच चिकटवलेला असतो.

युरोपच्या बहुतांश भागात आणि पूर्वेकडे कॉकेशस पर्वतरांगांपर्यंत त्याचा विस्तार आहे. स्कॉटलंडमध्ये तो मुख्यतः किनारपट्टीवर दिसतो.