गिटारवर नोटेशन बघत बघत वाजवता येण्यासाठी काय करावं? (सल्ला हवा)

सहावी_तार
नमस्कार मंडळी,
गिटार बऱ्यापैकी वाजवतो. कॉर्ड, फिंगरपिकिंग, टॅब (कुठली तार आणि कितवा फ्रेट, म्हणजे मानेवरचा कितवा कप्पा, हे आकड्यांत सांगणारा कागद) बघून तुकडे बसवणं हे सगळं जमतं. स्टाफ नोटेशनही (पाच रेघांवरची स्वरलिपी) येतं, म्हणजे कागद समोर ठेवला तर "हा जी, हा बी" असं बोट ठेवून सांगू शकतो. पण तेच बघत वाजवायचं म्हटलं की दुसऱ्या-तिसऱ्या बारला (उभ्या रेघांमधल्या भागाला) गाडी अडते. नजर कागदावरून फ्रेटबोर्डवर, तिथून परत कागदावर, तोवर कुठल्या ओळीत होतो तेच हरवलेलं असतं. बरं, तोच तुकडा तीन-चारदा वाजवला की पाठ होतो. मग मी वाचत नसतोच, आठवून वाजवत असतो.

सुरुवात कुठून करू, कुठलं पुस्तक घेऊ, रोज किती वेळ द्यावा? गिटार नायलॉन तारांची आहे, पिकनेही वाजवतो. "टॅब आहे ना, मग कशाला" हा सल्ला कृपया नको.

टवाळ_टिपणीस
टॅब आहे ना, मग कशाला? (पळतोय)

मंद्र_सप्तक
टवाळराव, परत या, तुमच्यासाठीही उत्तर आहे.

सहावी_तार, तुमची अडचण वाचनाची कमी आणि जागेची जास्त आहे. पियानोवर एका स्वराला एकच पट्टी. गिटारवर स्टाफच्या सगळ्यात वरच्या घरातला (दोन रेघांमधल्या जागेतला) ई घ्या: पहिली तार मोकळी, दुसरीचा पाचवा फ्रेट, तिसरीचा नववा, चौथीचा चौदावा, पाचवीचा एकोणिसावा. एका टिंबाला पाच जागा! टॅब जागा सांगते. नोटेशन स्वर आणि त्याची लांबी सांगतं, जागा तुमच्यावर सोडतं. हा निर्णय वाजवता वाजवता घ्यायला गेलात की अडकलातच. तो आधी घ्यायचा.

तुकडा समोर आला की की सिग्नेचर (सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा) आणि टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये किती ठोके) बघा, मग सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधा. दोन्ही ज्या पोझिशनमध्ये (पहिलं बोट ज्या फ्रेटवर, ती पोझिशन) हाताखाली येतात ती धरा आणि शक्यतो शेवटपर्यंत सोडू नका. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळाच्या परीक्षेत न पाहिलेला तुकडा वाजवण्याआधी अर्धा मिनिट मिळतो. तेवढ्यात एवढंच करायचं असतं.

पोझिशन दोनच पक्क्या करा. आधी पहिली, मोकळ्या तारांसकट. मग थेट पाचवी. मधल्या नंतर आपोआप येतात. पाचवीत सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे स्टाफखालच्या दुसऱ्या जादा रेघेवरचा ए, आणि पहिल्या तारेचा आठवा फ्रेट म्हणजे स्टाफवरच्या दुसऱ्या जादा रेघेवरचा सी. खाली दोन, वर दोन, मध्ये अख्खा स्टाफ. सी मेजरचे सगळे स्वर हात न हलवता मिळतात, फक्त तिसऱ्या तारेवरच्या बीसाठी पहिलं बोट चौथ्या फ्रेटवर मागे न्यावं लागतं.

आणि टवाळराव, टॅब हे काही इंटरनेटचं बाळ नव्हे. लुइस मिलानचं विहुएलाचं (गिटारसारखं जुनं स्पॅनिश वाद्य) पुस्तक स्पेनमध्ये १५३६ साली छापलं गेलं, तेही टॅबमध्येच. पण त्यात आकड्यांच्या वर लयीच्या खुणा आहेत. आज नेटवर फिरणाऱ्या बहुतेक टॅबमध्ये नेमक्या त्याच नसतात, म्हणून गाणं आधी ऐकलेलं नसेल तर त्या निम्म्या निरुपयोगी.

टवाळ_टिपणीस
गप्प बसतो.

लयबद्ध
मंद्र_सप्तक यांच्याशी सहमत, पण निम्माच. माझ्याकडे शिकायला येणारे अडकतात ते स्वरापेक्षा लयीत. स्वर चुकला तरी गाडी पुढे जाते, लय तुटली की संपलं. म्हणून आधी गिटार बाजूला ठेवा, पायाने ठोका धरा आणि ओळ नुसती टाळीने वाजवा, तोंडाने "एक आणि दोन आणि" म्हणत. मग तीच ओळ एका मोकळ्या तारेवर. स्वर शेवटी.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावला की थांबायचं नाही. चुकलेला स्वर दुरुस्त करायला मागे जाणं ही टॅब बघून तुकडे बसवणाऱ्यांची हमखास सवय, ती मोडा. हरवलात तर हात थांबवा पण मोजणं थांबवू नका, आणि पुढच्या बारच्या "एक"वर परत उडी मारा. दहातले चार स्वर गाळून वेळेवर शेवटाला पोचलेला माणूस मला सगळे स्वर बरोबर वाजवत धापा टाकणाऱ्यापेक्षा जास्त आवडतो.

सहावी_तार
लयबद्ध, हे वर्मी लागलं! स्पीड किती ठेवू?

लयबद्ध
आकडा देत नाही. तुकड्यातला सगळ्यात गिचमिड बार शोधा. तो ज्या गतीला न अडखळता जाईल ती गती पूर्ण तुकड्याला. सुरुवातीचा सोपा बार बघून गती ठरवली की चौथ्या ओळीत फजिती ठरलेली.

क्लॅरिनेटवाली
पाठ होण्यावर औषध एकच: नवा कागद. एक तुकडा फार तर दोनदा वाजवायचा आणि बाजूला टाकायचा, बसवायचा नाही. बसवायचे तुकडे वेगळे. आणि हे वाचन तुमच्या एरवीच्या वाजवण्यापेक्षा खूपच सोपं हवं, अगदी बाळबोध वाटेल इतकं.

एवढा माल गिटारच्या पुस्तकांतून पुरत नाही, म्हणून दुसऱ्या वाद्यांची पुस्तकं घ्या. क्लॅरिनेटचा लिहिलेला सगळ्यात खालचा स्वर म्हणजे स्टाफखालच्या तिसऱ्या जादा रेघेच्याही खालचा ई, म्हणजे तुमची सहावी तार मोकळी. व्हायोलिनची खालची हद्द जी, तुमच्या सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट. दोन्ही ट्रेबल क्लेफमध्ये (स्टाफच्या सुरुवातीचं, गिटारच्याच कागदावरचं चिन्ह). शिवाय त्यात गिटारची बोटं आणि तारा लिहिलेल्या नसतात, त्यामुळे जागा ठरवायचा आयता सराव. फक्त क्लॅरिनेटवाल्याबरोबर एकाच कागदावरून वाजवू नका, त्याचा लिहिलेला सी वेगळा वाजतो. गिटार तर लिहिलंय त्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतेच. क्लेफखालचा छोटासा आठ त्यासाठी असतो, पुष्कळदा छापतही नाहीत.

षड्ज_पंचम
एक शंका घुसवते. मला सरगमची सवय आहे. प्रत्येक टिंबाचं इंग्रजी नाव मनात घ्यायलाच हवं का?

मंद्र_सप्तक
नाही, ताई, उलट तुमची सवय कामाची आहे. की सिग्नेचरवरून सा कुठल्या रेघेवर बसतो ते ठरवा आणि पुढे अंतरं वाचा. रेघेवरून लगतच्या घरात म्हणजे शेजारचा स्वर, रेघेवरून पुढच्या रेघेवर म्हणजे एक स्वर गाळून, सा-ग, रे-म असं. वाचणारा माणूस सुटी टिंबं बघतच नाही, चढ-उतार बघतो. पण तुकडा मायनर असेल किंवा मध्येच की बदलली तर सा हलतो. म्हणून सहा मोकळ्या तारांची नावं आणि रेघा तरी पाठ हव्यात.

कॉर्डचंही तेच. एकावर एक रचलेली चार टिंबं खालून वर एकेक वाचू नका. तळाचा स्वर आणि वरचा स्वर वाचा, मधलं बोटांना माहीत असलेल्या आकारातून येतं. पण हे नंतर, आधी एकपदरी ओळी.

कागदी_वाघ
पुस्तकांबद्दल: स्पॅनिश गिटारवादक फर्नांदो सोरचा ओपस ६० (म्हणजे साठ क्रमांकाचा संग्रह) घ्या. पंचवीस धडे, सुरुवातीचे एकपदरी, मग हळूहळू दोन पदर. सोर १८३९ मध्ये वारला, त्यामुळे जुन्या आवृत्त्या नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. पिकसाठी विल्यम लेविटची मॉडर्न मेथड, पहिला भाग: टॅब अजिबात नाही, आणि दोन गिटारांचे तुकडे आहेत. जोडीदार मिळाला तर तेच आधी वाजवा, कारण समोरचा थांबत नाही.

फ्रेटबोर्डकडे बघायची खोड मोडायला कागद स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा, टेबलावर नको. आणि कुणाला तरी हातात जाड कार्ड देऊन बसवा. तुम्ही ज्या बारमध्ये आहात तो त्याने झाकत जायचा. नजर झक मारत पुढच्या बारवर जाते. रोज पंधरा मिनिटं पुरे, पण रोज.

सहावी_तार
सगळ्यांचे आभार, कार्डवाला प्रयोग घरच्यांवर आजच. मंद्र_सप्तक, एक राहिलं: पाचव्या पोझिशनमधला तो बी चौथ्या तारेच्या नवव्या फ्रेटवरही मिळतो ना? मग कुठे घेऊ?

मंद्र_सप्तक
मिळतो, करंगळी ताणून. ए-बी-ए असं चौथ्या तारेवरच घुटमळायचं असेल तर तिथे बरा. पण सध्या डोळे मिटून तिसरी तार, चौथा फ्रेट, पहिलं बोट. पर्याय नंतर.