गोशाचा 'हितोकिरी' डिस्कवर धड कधी मिळणार?

रंकाळ्याकडचा

सामुराईपटांचा नाद असलेले इथं चार-पाच जण तरी आहेत, त्यांनाच विचारतोय.

दिग्दर्शक कुरोसावाबद्दल तक्रार नाही. 'सेव्हन सामुराय'ची फोर-के डिस्क २०२४ मध्ये आली, पाठोपाठ 'योजिम्बो' आणि 'सांजुरो'ही आले. कोबायाशीचा 'हाराकिरी' (१९६२) ब्लू-रेवर कधीचा आहे. पण हिदेओ गोशा या दिग्दर्शकानं कुणाचं काय घोडं मारलंय? त्याचा पहिला 'थ्री आउटलॉ सामुराय' (१९६४) क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क कंपनीनं काढला, 'स्वोर्ड ऑफ द बीस्ट' (१९६५) काढला. एकाच वर्षातले, १९६९चे, 'गोयोकिन' आणि 'हितोकिरी' मात्र माझ्या हाती कधी धड लागले नाहीत.

'हितोकिरी' माझ्याकडे आहे तो असा: स्कोपमध्ये, म्हणजे रुंद पडद्यासाठी, काढलेला सिनेमा, आणि चित्राच्या दोन्ही कडा छाटलेल्या. दोघं बोलत असले की एकाचं नाक दिसतं, दुसऱ्याचा कान. रात्रीचे प्रसंग म्हणजे नुसतं काजळ. सबटायटल्स माणूस मरून पडल्यावर त्याचं शेवटचं वाक्य दाखवतात.

तरीही बघतो, कारण त्यातली ती धाव. इशिबे या गावी शोगुनच्या माणसांवर हल्ला ठरलाय आणि मारेकरी इझोला, म्हणजे नट शिंतारो कात्सुला, मुद्दाम वगळलंय. त्याला कळतं आणि तो सुटतो. कात्सु काही सडपातळ गडी नव्हे. घामानं निथळलेला, धापा टाकत, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पळतोय. पोचल्यावर तिथं काय कापाकापी होते ती होतेच, पण आपला तिच्यापेक्षा त्या पळण्यावर जीव. आपल्यावाचून मालकाचं अडलं नाही, हे त्या गड्याला सहनच होत नाही. बायको म्हणते, काय ते सारखं एकाच माणसाला पळताना बघायचं. तिला काय सांगायचं की अजून पूर्ण पडदा बघितलेलाच नाही!

प्रश्न दोन. हे सिनेमे अडकतात कुठं? आणि जपानची डिस्क मागवली तर आपल्याकडे चालेल का?

वांगीभात

डिस्क कशाला हवी आता? कुठल्या ना कुठल्या ॲपवर येईलच की. माझा प्लेअर माळ्यावर आहे, वर पापडाचा डबा ठेवलाय.

रीळमास्तर

वांगीभात, ॲपवर आज असतं, उद्या नसतं. आणि क्रायटेरियनचं चॅनेल भारतात मुळात मिळतच नाही, ते अमेरिका-कॅनडापुरतं आहे.

रंकाळ्याकडचे, आधी दुसरा प्रश्न. ब्लू-रेला तीन विभाग आहेत. जपान आणि अमेरिका 'ए'मध्ये, ब्रिटन 'बी'मध्ये, आपण 'सी'मध्ये. त्यामुळे इथं घेतलेल्या साध्या प्लेअरवर जपानी ब्लू-रे बहुधा रुसणार. मल्टी-रीजन, म्हणजे सगळ्या विभागांच्या डिस्क चालवणारा, प्लेअर हवा. डीव्हीडीत जपान २, आपण ५. फोर-के डिस्कला मात्र विभागाची भानगडच नाही, कुठलीही कुठंही चालते. पण नीट बघा, पाकिटात फोर-केबरोबर साधी ब्लू-रेही असते आणि तिला विभाग असतो. मागवताना कस्टम्सचे पैसे धरूनच हिशेब करा.

आता अडकतात कुठं. साठच्या दशकात मोठमोठ्या नटांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या. मिफुनेची होती, युजिरो इशिहाराची होती, कात्सुची होती. 'हितोकिरी' कात्सुच्या कंपनीनं आणि फुजी टेलिव्हिजननं मिळून केला, वितरण दाइएइ स्टुडिओचं. दाइएइचं १९७१ मध्ये दिवाळं वाजलं आणि पुढे १९८१ मध्ये कात्सुच्या कंपनीचंही. अशा सिनेमाचे हक्क मागायला गेलात तर एका दारात काम होत नाही. वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा काढून बघा, म्हणजे कल्पना येईल.

पण आशा सोडू नका. कात्सुचाच झातोइची घ्या, आंधळ्या तलवारबाजाची ती मालिका. सुरुवातीचे सिनेमे दाइएइचे, नंतर त्याच्या कंपनीचे, तरी १९६२ ते १९७३ मधले पंचवीसच्या पंचवीस क्रायटेरियननं २०१३ मध्ये एका पेटीत आणले. १९८९चा शेवटचा तेवढा त्यात नाही.

आणि मूळ निगेटिव्ह हाही मुद्दा असतोच. खुद्द 'सेव्हन सामुराय'ची मूळ निगेटिव्ह आज शिल्लक नाही. जी नवी प्रत आपण बघून वाहवा करतो, ती निगेटिव्हवरून नंतर काढलेल्या प्रतीवरून केलेली आहे.

निशिकासाईकर

मी तोक्योत राहते, म्हणून इथली बाजू सांगते. जपानी डिस्क घेण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचा (किंवा कुणाकडून वाचून घ्या). बहुतेक जुन्या सामुराईपटांवर इंग्रजी सबटायटल्स नसतात. असलीच तर जपानी, ऐकू न येणाऱ्यांसाठी घातलेली. किंमत बघून तुम्ही म्हणाल यात दोन सिनेमे असतील. एकच असतो.

इथल्या लोकांना घाई नाही, कारण त्यांना हे सिनेमे घरी दिसतात. फक्त ऐतिहासिक तलवारपटांना वाहिलेली एक वाहिनी १९९८पासून चालू आहे. माझ्या घरमालकांचा टीव्ही दुपारभर तिच्यावरच असतो. शिवाय थिएटरं. इकेबुकुरोचं शिन-बुंगेइझा, असागायाचं लापुता, जिम्बोचोचं छोटं थिएटर, सगळीकडे जुने सिनेमे पडद्यावर लागतात.

'गोयोकिन' मी अशाच एका थिएटरात पाहिला. शेजारी सगळे सत्तरीपुढचे आजोबा. शेवटचं द्वंद्व बर्फात आहे, मागे ढोल वाजतोय, आणि तलवार उपसायच्या आधी दोघं बोटं आखडू नयेत म्हणून हातांवर फुंकर मारतात. समोरासमोर दोन नट, नाकादाई आणि तेत्सुरो ताम्बा, आणि मध्ये हे एवढं पांढरं. घरच्या टीव्हीवर ते अंतर कळेल का, शंका आहे.

रंकाळ्याकडचा

निशिकासाईकर ताई, जळवलंत!

रीळमास्तर, सातबारा बरोबर लागला, आमच्या घरी तीच भांडणं चालू आहेत. म्हणजे फोर-के निघेपर्यंत वाट बघणं शहाणपणाचं, असंच ना? की मल्टी-रीजन प्लेअर घेऊन टाकू?

रीळमास्तर

प्लेअर घ्या. फोर-के निघेल तेव्हा निघेल, आणि 'स्वोर्ड ऑफ डूम' हा सामुराईपट किंवा झातोइचीची पेटी तरी तोवर बघून होईल. दुकानदाराला विकत घेण्याआधी 'ए' विभागाची डिस्क लावून दाखवायला सांगा. 'चालतं साहेब' एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

बोरकूट

मधेच घुसतो. 'हितोकिरी'त युकिओ मिशिमा आहे म्हणतात, तो लेखक मिशिमाच ना?

रंकाळ्याकडचा

तोच. तानाका शिम्बेइ या दुसऱ्या मारेकऱ्याच्या भूमिकेत आहे. खून इझो करतो, पण तलवार शिम्बेइची वापरून ती तिथंच टाकतो. शिम्बेइला ती पुढ्यात ठेवून विचारतात, तुझीच ना? तो तलवार न्याहाळतो आणि एका शब्दानं खुलासा न करता तिथल्या तिथे पोट फाडून घेतो. सिनेमा १९६९चा. २५ नोव्हेंबर १९७० ला मिशिमानं खरोखरच तसं केलं. नट म्हणून तो कात्सुपुढं लाकडी वाटतो, पण त्या एका प्रसंगात लाकडीपणाच कामाला आलाय. माझ्या प्रतीत नेमका तिथंच अंधार आहे, दंडाचे स्नायू तेवढे चमकतात.

वांगीभात

बरं, पापडाचा डबा खाली काढलाय. प्लेअर सुरू होतोय. यातला पहिला कुठला बघू?

निशिकासाईकर

'हाराकिरी'. जेवण आधी उरकून घ्या.